मोटारसायकलचे वंगणतेल
चार-स्ट्रोक मोटारसायकलमध्ये इंजिन, गिअर आणि तेलात बुडालेला क्लच यांना बहुधा एकच तेल पुरते. म्हणून मोटारगाडीचे घर्षण घटवणारे तेल घातले की क्लच घसरू शकतो. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ हे ओल्या क्लचसाठीचे मानक हवे. ‘एमबी’ स्कूटरसाठी, जिचा क्लच कोरडा आणि गिअरचे तेल वेगळे. जुन्या ओतीव लोखंडी इंजिनाच्या बुलेटलाही गिअरबॉक्सचे तेल निराळेच. तेलाचा दाटपणा १०डब्ल्यू-३० की २०डब्ल्यू-५०, हे गाडीच्या पुस्तिकेवरून ठरवावे, मेकॅनिकच्या सवयीवरून नव्हे. गोव्यात कडाक्याची थंडी नसल्याने ‘डब्ल्यू’आधीचा, थंडीतला दाटपणा दाखवणारा आकडा दुय्यम. शापोरा नदीकाठच्या हळर्णसारख्या पेडण्यातील गावांत छळतो तो पावसाळा: पाण्यातून गाडी काढल्यावर तेल दुधाळ दिसले, तर ते लगेच बदलावे.