हिमालयातील ट्रेक : ओझे कमी करण्याचे शास्त्र

हिमालयातील पहिल्या ट्रेकची तयारी यादीने सुरू होते आणि काळजीने वाढत जाते. ‘असू दे, लागेल कधीतरी’ असे म्हणत घरातील प्रत्येक जण सॅकमध्ये काहीतरी सरकवतो आणि निघण्याच्या दिवशी वजनकाटा अठरा-वीस किलोंवर जाऊन पोहोचतो. सह्याद्रीत हे खपून जाते. तेथील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच. एका रात्रीचा मुक्काम, पायथ्याच्या गावात पिठले-भाकरी आणि दुसऱ्या दिवशी परतीची एसटी. हिमाचल प्रदेशातील हम्पता पास मात्र सुमारे ४,२७० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्केच असतो आणि प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात घटतो. अशा ठिकाणी जादा ओझ्याची किंमत मोजावी लागते.

थकलेला माणूस मुक्कामी उशिरा पोहोचतो. हिमालयात दुपारनंतर हवा बिघडण्याची शक्यता अधिक असते आणि बर्फ वितळून ओढ्यांचे पाणीही त्याच सुमारास वाढते. त्याहून मोठा धोका म्हणजे डोकेदुखी, मळमळ, गळून गेल्यासारखे वाटणे ही विरळ हवेच्या त्रासाची लक्षणे ‘ओझ्यामुळे दमलो’ म्हणून दुर्लक्षिली जातात.

मर्यादा किती?

पाण्या-शिध्यासह भरलेली सॅक शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जड असू नये, हा प्रचलित ठोकताळा आहे. साठ किलोंच्या व्यक्तीसाठी ही मर्यादा बारा किलो होते. घरातील वजनकाटा घेऊन प्रत्येक वस्तू तोलावी आणि वजन कागदावर मांडावे. अंदाज नेहमी चुकतो. आकडे पाहिले की कात्री कोठे लावायची ते आपोआप कळते.

कमी सामानात मोठी वाटचाल करणाऱ्यांची उदाहरणे जुनी आहेत. १९३४ मध्ये एरिक शिप्टन आणि बिल टिलमन हे ब्रिटिश गिर्यारोहक केवळ तीन शेर्पांना घेऊन ऋषीगंगेच्या दुर्गम घळीतून नंदादेवीच्या कुशीत पोहोचले. प्रचंड लवाजम्याच्या मोहिमांचा तो काळ होता. अमेरिकेत एम्मा गेटवूड या ६७ वर्षांच्या आजीबाईंनी १९५५ मध्ये तीन हजार किलोमीटरहून लांब असलेली अॅपलाचियन पायवाट एकटीने पूर्ण केली, तीही घरी शिवलेली पिशवी खांद्यावर टाकून.

मोठ्या वस्तूंपासून प्रारंभ

टूथब्रशचा दांडा कापून काही ग्रॅम वाचतात. सॅक, तंबू आणि स्लीपिंग बॅग या तिघांत काही किलो. जुन्या धाटणीची रिकामी सॅकच अडीच-तीन किलोंची असते. हलकी सॅक त्याच्या निम्म्यात मिळते. दोघांच्या तंबूचे कापड एकाने आणि खांब-खुंट्या दुसऱ्याने घ्याव्यात. पिसांची स्लीपिंग बॅग हलकी आणि उबदार असते, पण भिजली की तिची ऊब जाते. म्हणून ती जाड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळूनच न्यावी.

बुटांचाही विचार करावा. पायातील वजन वाहण्यास पाठीवरील तेवढ्याच वजनाच्या चार-पाच पट श्रम पडतात.

शिधा, इंधन आणि पाणी

उंची वाढते तसे पाणी कमी तापमानाला उकळते. चार हजार मीटरवर ते सुमारे ८७ अंशांनाच उकळते, त्यामुळे डाळ-तांदूळ शिजता शिजत नाहीत आणि इंधन संपत जाते. भाजलेले वा आधी शिजवून वाळवलेले पदार्थ नेले, तर शिधा आणि इंधन दोन्ही घटते. सातूचे पीठ, पातळ पोहे, भाजलेल्या रव्याचा तयार उपमा, चिक्की, खजूर हे त्यासाठी उत्तम. शंभर ग्रॅम तांदळातून साडेतीनशेच्या आसपास, तर शंभर ग्रॅम शेंगदाण्यांतून साडेपाचशेहून अधिक कॅलरी मिळतात. डबाबंद पदार्थांत मात्र आपण पाणी आणि पत्राच वाहत असतो. खोकी व वेष्टने घरीच काढून टाकावीत. वजन कमी होते आणि डोंगरावर कचराही होत नाही. गॅसची डबी विमानातून नेता येत नाही, तेव्हा ती पायथ्याच्या शहरातच घ्यावी.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. वाटेत ओढे असतील, तर तीन-चार लिटर वाहण्याऐवजी शुद्धीकरणाच्या गोळ्या किंवा गाळणी जवळ ठेवावी. त्यासाठी पाण्याच्या जागा स्थानिक वाटाड्याला आधीच विचारून घ्याव्यात.

कपडे

चालण्याचा एक जोड आणि तंबूत घालण्याचा कोरडा जोड पुरतो. मोजे मात्र एखादा जोड जास्त असावेत. जीन्स आणि सुती कपडे घरीच राहू द्यावेत. ते भिजले की जड होतात, लवकर वाळत नाहीत आणि अंगातील ऊब ओढून घेतात. एका जाड जाकिटापेक्षा पातळ कपड्यांचे दोन-तीन थर सोयीचे. कॅमेऱ्याचे सामान, पॉवर बँक, टूथपेस्ट, चाकू या वस्तू गटात वाटून घ्याव्यात.

येथे काटकसर नको

हलक्या सॅकचा सोस अंगलटही येऊ शकतो. सकाळी ऊन आहे म्हणून पावसाळी जाकीट ठेवून जाणारा संध्याकाळी गारठतो, आणि भिजलेल्या अंगाला वारा लागला की शरीराचे तापमान धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. पावसाळी जाकीट, गरम टोपी व हातमोजे, प्रथमोपचाराची पेटी, नेहमीची औषधे, विजेरी, शिटी, बर्फावरील गॉगल आणि एका दिवसाचा जादा शिधा हे वगळू नये. ओझे खेचरावर वा पोर्टरच्या पाठीवर दिले, तरीही यातील गरजेच्या वस्तू आपल्याजवळच हव्यात. खेचर पुढे निघून जाते आणि पाऊस आपल्याला वाटेत गाठतो.

सॅक कशी भरावी?

जड वस्तू पाठीलगत, खांद्यांच्या पात्यांच्या उंचीवर. स्लीपिंग बॅग तळाशी. पावसाळी जाकीट सर्वांत वर. कमरेचा पट्टा आधी आवळावा, म्हणजे बहुतांश भार खांद्यांऐवजी कमरेवर येतो. निघण्यापूर्वी भरलेली सॅक घेऊन सिंहगड किंवा जवळचा एखादा डोंगर दोन-तीनदा चढावा. जे नको होते, ते तेथेच लक्षात येते.

परतल्यावर सॅक रिकामी करताना सामानाचे तीन ढीग करावेत : रोज लागलेले, एखाद-दोनदा लागलेले आणि मुळीच न लागलेले. प्रथमोपचार आणि आणीबाणीच्या वस्तू वगळता तिसरा ढीग पुढच्या वेळी घरीच ठेवावा.