मोटारीवांचून दोन शहरें : नांदेड आणि लातूर

दारीं मोटार नसतां शहरांतील संसार सुखानें चालूं शकेल काय, हा प्रश्न आज पुष्कळ घरांतून विचारला जातो आणि त्याचें उत्तर बहुधा घरच्या जमाखर्चांत शोधलें जातें. नांदेड आणि लातूर या मराठवाड्यांतील दोन शहरांचा इतिहास मात्र निराळेंच सांगतो. मोटारीवांचून राहतां येईल कीं नाहीं, हें माणसाच्या काटकसरीपेक्षां त्याच्या गांवाला लाभलेल्या सार्वजनिक गाडीवर अधिक अवलंबून असतें.

रेल्वे येण्यापूर्वीं या मुलखांत माल बैलगाड्यांतून आणि लमाणांच्या तांड्यांतील बैलांच्या पाठीवरून जात असे. माणूस बहुधा पायींच चाले. काळ्या जमिनीवरील वाटा पावसाळ्यांत चिखलानें बंद पडत आणि शेजारचें गांवहि दूर होई. वाहन घरचें असून भागत नसे. त्याला चालावयास वाट हवी होती.

नांदेडला ती वाट विसाव्या शतकाच्या आरंभीं मिळाली. निजामाच्या राज्यांतील हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेनें मनमाड आणि सिकंदराबाद हीं दोन टोकें मीटर मापाच्या रुळांनीं जोडलीं, व गोदाकांठचें हें शहर त्या मार्गावर आलें. गुरु गोविंदसिंगांचें देहावसान १७०८ सालीं येथेंच झालें. त्यांच्या स्मृतिस्थानास येणाऱ्या दूरदूरच्या यात्रेकरूंचा मार्ग या रुळांनीं सुकर केला.

लातूरची कथा याहून कुतूहलाची आहे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नांवाच्या इंग्रज इंजिनियरानें बार्शी लाईट रेल्वे उभारली. तिचे रूळ अवघे अडीच फूट अंतराचे. गाडीचा भार प्रत्येक आंसावर सारखा वांटला, तर हलक्या रुळांवरूनहि पुष्कळ माल नेतां येतो, हें त्यानें ओळखलें होतें. १८९७ सालीं कुर्डुवाडी ते बार्शी हा पहिला टप्पा सुरू झाला. १९०६ सालीं ही गाडी पंढरपुरास, १९११ सालीं लातुरास व १९२७ सालीं मिरजेस पोंचली. कुर्डुवाडीस मुंबईचा मोठा रेल्वेमार्ग भेटत असल्यामुळें लातूरच्या बाजारपेठेस मुंबईचें दार उघडलें. पुढें १९१७ सालीं लातुरांत गंजगोलाई बांधण्यांत आली. एका वर्तुळाकार चौकांत सोळा रस्ते येऊन मिळतात आणि प्रत्येक रस्त्याला आपापला बाजार आहे. सराफीपासून भुसारापर्यंतचीं कामें गिऱ्हाईकानें पायीं फिरून उरकावींत, अशी ही रचना आहे.

परंतु रेल्वे रुळांबाहेर जात नाहीं. बार्शीची गाडी येडशीवरून जाई आणि जिल्ह्याचें ठाणें असलेलें धाराशिव बाजूलाच राही. नांदेड आणि लातूर यांमध्यें सडकेनें सुमारें १४० किलोमीटरच अंतर. पण रेल्वेनें जावयाचें तर परभणी व परळी असा वळसा पडतो. ही उणीव भरून काढली ती बसनें. निजाम राज्याच्या रेल्वेखात्यानेंच जून १९३२ मध्यें २७ गाड्या आणि १६६ नोकर घेऊन प्रवासी बसवाहतूक सुरू केली. रूळ आणि सडक एकाच खात्याच्या हातीं असावीत, हा विचार त्या काळीं हिंदुस्थानांत नवा होता. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आल्यावर येथील बसव्यवस्था त्या राज्याकडे व पुढें महाराष्ट्र राज्याच्या एस.टी. महामंडळाकडे आली. तालुक्याच्या कचेरींत जाणारा शेतकरी, बाळंतपणासाठीं माहेरीं निघालेली लेक आणि शाळेंतील मूल यांची मोटार म्हणजे हीच लाल गाडी होय.

अशा जीवनांत धोका नाहीं असें मात्र म्हणतां येणार नाहीं. २०२१ च्या अखेरीस एस.टी. कामगारांनीं शासनांत विलीनीकरणाच्या मागणीसाठीं संप पुकारला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. कामगारांच्या हलाखीचा प्रश्न खरा होता. आणि थांब्यावर तिष्ठणाऱ्या विद्यार्थ्याची अडचणहि तितकीच खरी होती. ज्याच्या दारीं वाहन होतें, त्याचें काम चाललें. ज्यानें सार्वजनिक गाडीवर भरंवसा ठेवला, त्यालाच दंड पडला. ज्या घरांना दुचाकी वा मोटार घेण्याचें बळ आहे, तीं घरें अशा अनुभवानंतर ती घेतात, यांत हौसेपेक्षां धास्तीच अधिक असते.

उलट बाजूचाहि एक प्रसंग लातुरानें पाहिला आहे. बार्शीचा अरुंद मार्ग रुंद करण्याचें काम कुर्डुवाडी ते लातूर २००८ पर्यंत आणि पुढें मिरजेपर्यंत पुरें झालें. २०१६ च्या भीषण दुष्काळांत शहराचे नळ कोरडे पडले. तेव्हां एप्रिलमध्यें याच वाटेनें मिरजेहून कृष्णेचें पाणी घेऊन ‘जलदूत’ गाडी आली. पहिल्या खेपेस दहा टांक्यांतून पांच लाख लिटर पाणी आलें. पुढें ती पन्नास टांक्यांची झाली. त्या दिवसांत दारीं मोटार असलेला आणि नसलेला असे दोघेहि घागर घेऊन एकाच रांगेंत उभे होते, आणि दोघांचीहि तहान एकाच सार्वजनिक गाडीनें भागविली.

मोटारीवांचून जगणें या दोन शहरांना नवें नाहीं; त्यांच्या कित्येक पिढ्या तशाच जगल्या. गाडी वेळेवर येईल, एवढा भरंवसा मिळाला तर पुढील पिढ्यांनाहि तें अवघड जाऊं नये.