अमीबा: अनेक यंत्रांचा एक संगणक

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ॲमस्टरडॅमच्या व्रिये विद्यापीठात ॲन्ड्र्यू टॅनेनबॉम आणि सहकाऱ्यांनी ‘अमीबा’ ही वितरित कार्यप्रणाली उभारायला घेतली. संगणक तोवर जाळ्याने जोडले जाऊ लागले होते. पण दुसऱ्या यंत्रावर काम करायचे तर तिथे वेगळे लॉगिन करावे लागे आणि फायलीही स्वतःच हलवाव्या लागत. अमीबाचे मुख्य उद्दिष्ट होते पारदर्शकता, म्हणजे जाळ्यातली सारी यंत्रे वापरणाऱ्याला एकच संगणक वाटावीत. त्यासाठी प्रोसेसर कोणा एकाच्या टेबलाशी न बांधता सामाईक साठ्यात ठेवले गेले. आज्ञा मिळताच प्रणाली त्यांतले मोकळे प्रोसेसर नेमून देई आणि काम संपल्यावर परत घेई. फाइलसारख्या प्रत्येक वस्तूच्या वापरासाठी कूटबद्ध अधिकारपत्र लागे. वेगासाठी ‘बुलेट’ फाइल सर्व्हर होता: त्यात फाइल डिस्कवर सलग साठवली जाई आणि एकदा तयार झाल्यावर बदलत नसे.

कल्पना म्हणून हे सारे देखणे होते, पण जगाने आधीच रुळलेली युनिक्स कार्यप्रणाली सोडली नाही. अमीबा मुख्यतः संशोधनापुरतीच राहिली. याच प्रणालीवर काम करताना सोयीच्या स्क्रिप्ट भाषेची उणीव जाणवल्याने गिडो व्हान रॉसम यांनी १९८९च्या डिसेंबरात पायथन लिहायला घेतली.