ऑक्सफर्ड येथील एक शिलापट आणि ‘विवादभंगार्णवा’चा कर्ता

ऑक्सफर्डास जाणारा आपल्याकडील संशोधक बहुधा थेट बॉडलियन ग्रंथालयाची वाट धरतो, आणि हस्तलिखितांच्या लोभानें एकदां तेथें शिरला म्हणजे सहसा दुसरीकडे फिरकत नाहीं. प्रस्तुत लेखकाचेंहि तसेंच झालें असतें. परंतु ग्रंथालय बंद असलेल्या एका दिवशीं जवळच हाय स्ट्रीटवरील युनिव्हर्सिटी कॉलेजचें चॅपेल, म्हणजे त्या विद्यालयाचें प्रार्थनामंदिर, पाहण्याचा योग आला. तेथील एका संगमरवरी शिलापटासंबंधीं चार गोष्टी वाचकांपुढें मांडाव्या, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

इमारतीविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. काम इ. स. १६३९ त सुरू झालें, मध्यें इंग्लंडांतील यादवी युद्ध आलें, आणि प्रतिष्ठाविधि १६६६ त उरकला. खिडक्यांच्या रंगीत कांचा अब्राहम व्हान लिंग यानें १६४१ त रंगविल्या. त्यांनाहि जागेवर बसण्यास पुष्कळ वर्षें वाट पाहावी लागली. त्यांतील योना व महामत्स्य यांचें चित्र प्रेक्षणीय आहे. १८६२ त जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यानें अंतर्भाग बराच पालटला.

शिलापट आहे तो बाहेरील दालनांत. सर विल्यम जोन्स यांच्या पत्नीनें पतीच्या स्मरणार्थ जॉन फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून तो करविला. जोन्ससाहेब खुर्चीवर बसून मेजावर लिहीत आहेत. समोर तीन हिंदी पंडित जमिनीवर बसले आहेत. फ्लॅक्समनानें हिंदुस्थान कधीं पाहिला नव्हता, तरी पंडितांच्या मुद्रा त्यानें आदरानें घडविल्या आहेत, हें कबूल केलें पाहिजे. खालीं इंग्रजी लेख आहे, त्याचा आशय असा कीं, यांनीं हिंदु व मुसलमानी कायद्यांचा सारसंग्रह रचिला. साहेबाचें नांव आहे. तिघां पंडितांचें नाहीं.

कोरीव लेख म्हटला कीं आपल्या हातून चिकित्सेची तलवार जरा म्यान होते. परंतु प्रस्तुत लेख इतर साधनांशीं ताडून पाहतां टिकत नाहीं. जोन्स १७८३ त कलकत्त्यास न्यायाधीश म्हणून आले. १५ जानेवारी १७८४ रोजीं त्यांनीं एशियाटिक सोसायटी स्थापिली. १७८५ त नदिया प्रांतीं रामलोचन नांवाच्या वैद्य जातीच्या पंडितापाशीं संस्कृताचा आरंभ केला. कोर्टांतील पंडितांच्या व्यवस्थांवर त्यांचा भरंवसा नव्हता. न्यायाधीशास मूळ शास्त्र स्वतःच पाहतां यावें, म्हणून १७८८ च्या मार्च महिन्यांत त्यांनीं सारसंग्रहाची योजना लॉर्ड कॉर्नवॉलिस यांस लिहून पाठविली, व ती मंजूर झाली. हिंदु कायद्याचें काम हुगळी जिल्ह्यांतील त्रिवेणी येथील वयोवृद्ध नैयायिक जगन्नाथ तर्कपंचानन यांजकडे सोंपविण्यांत आलें. त्यांनीं इतर पंडितांच्या साह्यानें जो ग्रंथ सिद्ध केला तोच ‘विवादभंगार्णव’. जोन्स त्याचें भाषांतर करणार होते. परंतु २७ एप्रिल १७९४ रोजीं, वयाच्या ४८ व्या वर्षीं, ते कलकत्त्यास वारले. भाषांतर कोलब्रूक यांनीं केलें व तें १७९७–९८ त छापून निघालें.

तात्पर्य, योजना जोन्स यांची, रचना जगन्नाथांची, भाषांतर कोलब्रूक यांचें. जोन्स यांच्या पदरीं कांहींच पडत नाहीं असें मात्र कोणी समजूं नये. मुसलमानी दायभागावरील ‘सिराजिय्या’चें भाषांतर त्यांनीं १७९२ त प्रसिद्ध केलें, आणि १७९४ तील मनुस्मृतीचें भाषांतर निर्विवाद त्यांचेंच. लंडनच्या सेंट पॉल मंदिरांत ईस्ट इंडिया कंपनीनें उभारिलेल्या त्यांच्या पुतळ्याजवळ जो ग्रंथ दाखविला आहे, तो मनूचाच आहे. त्या शिल्पावर असा आक्षेप घेतां येत नाहीं.

आणखी एक मौज अशी कीं, पंडितांवर विसंबावें लागूं नये म्हणून आरंभिलेला हा ग्रंथ पंडितांच्याच वादपद्धतीनें ओतप्रोत भरला. जगन्नाथ मतामागून मतें मांडतात, खंडन-मंडन करतात. न्यायाधीशास हवा असलेला सुटसुटीत निर्णय हातीं लागत नाहीं. कोलब्रूक यांसहि तो ग्रंथ अपुरा वाटला, व १८१० त त्यांनीं ‘दायभाग’ आणि ‘मिताक्षरे’चा दायविभाग यांचीं स्वतंत्र भाषांतरें छापिलीं. जगन्नाथांची भूमि बंगालची. आपल्या प्रांतीं व्यवहारनिर्णयास आधार धरीत तो ‘मिताक्षरे’चा, आणि गुजराथ, मुंबई व उत्तर कोंकण यांकडे नीलकंठभट्टांच्या ‘व्यवहारमयूखा’चा. नीलकंठांचें भट्ट घराणें मूळचें पैठणचें, हें वाचकांस सांगावयास नकोच.

ज्या विद्यालयांत हा लेख आहे त्याची स्वतःची उत्पत्तिकथाहि अशीच आहे. डरहॅमचा विल्यम १२४९ त वारला. त्यानें ठेविलेल्या ३१० मार्कांतून हें विद्यालय निघालें. परंतु १३८० च्या सुमारास जमिनीचा एक दावा लढतांना विद्यालयानें आपला संस्थापक आल्फ्रेड राजा असल्याचें प्रतिपादिलें. आपल्याकडील वतनाच्या तंट्यांत पुढें येणाऱ्या कुळकटी ज्यांनीं वाचल्या असतील, त्यांस याचें नवल वाटणार नाहीं. १७२७ त किंग्ज बेंच न्यायालयानेंहि तें राजसंस्थापित मानलें. लगेच पुढल्या वर्षीं, पूर्वीं तेथेंच फेलो असलेल्या विल्यम स्मिथ यानें विद्यालयाच्या दप्तरांतीलच कागद पुढें करून ही कथा पार उडवून दिली. तरीहि १८७२ त सहस्राब्दीची मेजवानी झालीच!

याच विद्यालयाचे फेलो व जोन्स यांचे स्नेही सर रॉबर्ट चेंबर्स हे १७७४ त न्यायाधीश म्हणून कलकत्त्यास गेले. त्यांनीं जमविलेलीं संस्कृत हस्तलिखितें १८४२ त प्रशियाच्या सरकारनें विकत घेतलीं. तीं बर्लिनच्या ग्रंथालयांत गेलीं, व वेबर यांनीं त्यांची यादी १८५३ त छापिली. जोन्स दांपत्याचा संग्रह रॉयल सोसायटीकडून इंडिया ऑफिसांत आला. आज तो ब्रिटिश ग्रंथालयांत आहे.

शिलापटांतील ते तिघे कोण, याचा निर्णय चेहऱ्यांवरून होणें शक्य नाहीं. शिल्पकाराच्या डोळ्यांपुढें कोणी विशिष्ट व्यक्ति असण्याचाहि संभव नाहीं. ‘विवादभंगार्णवा’पूर्वीं वॉरन हेस्टिंग्ज यांच्या आज्ञेनें अकरा पंडितांनीं ‘विवादार्णवसेतु’ रचिला. तो फारसीमार्गें हॅलहेड यांनीं इंग्रजींत आणून १७७६ त छापिला, आणि त्या अकराहि पंडितांचीं नांवें ग्रंथांत नमूद आहेत. जें छापील पुस्तकास साधलें तें संगमरवरास साधलें नाहीं. या दोन निबंधांपैकीं कोणत्याहि ग्रंथाची पोथी ज्यांच्या संग्रहीं असेल, त्यांनीं तिची पुष्पिका व लेखनकाल तपासावा, साहाय्यक पंडितांचा वा लेखकाचा कोठें नामोल्लेख आढळतो कीं काय तें पाहावें, आणि आढळल्यास मूळ अक्षरांत उतरून मंडळाकडे पाठवावें, अशी विनंति आहे.