मुंबई महानगराची वाहतूक: मेट्रो आली, पण घर ते स्टेशनचं काय?

घर मुंब्र्यात, नोकरी मुंबईत. कारखाना भिवंडीत, गिऱ्हाईक कुर्ल्यात. आपली रोजची ये-जा महापालिकेची हद्द बघून होत नाही. म्हणून वाहतुकीचं नियोजनही एकेका शहराचं नाही, तर सगळ्या प्रदेशाचं करावं लागतं. रस्त्यावरच्या गाड्या कमी करायच्या असतील, तर घरापासून कामापर्यंतचा पूर्ण प्रवास गाडीशिवाय जमला पाहिजे.

प्रदेश एक, कारभार अनेक

मुंबई महानगर प्रदेशात मुंबई, ठाणे, भिवंडी-निजामपूर, मीरा-भाईंदर, पनवेल अशा 9 महापालिका आहेत. पहिली प्रादेशिक योजना 1973 मध्ये मंजूर झाली, तर 1975 मध्ये एमएमआरडीए स्थापन झाली. सध्याची योजना 2036 पर्यंतची आहे. पण लोकल रेल्वेच्या हातात, बस प्रत्येक शहराची वेगळी आणि मेट्रो चालवणाऱ्या कंपन्याही वेगवेगळ्या. ऑक्टोबर 2025 मध्ये आलेल्या ‘मुंबई वन’ अॅपमुळे 11 सेवांचं तिकीट एका जागी मिळू लागलं. ही सोय चांगलीच आहे. पण तिकीट जुळलं म्हणजे वेळापत्रक जुळलं, असं होत नाही.

लोक गाडी का घेतात?

हौस म्हणून घेणारे असतात, तसे नाइलाजाने घेणारेही असतात. 9 जून 2025 रोजी दिवा-मुंब्रा दरम्यान गर्दीच्या लोकलमधून पडून प्रवाशांचे जीव गेले. भिवंडी रोड स्टेशन दिवा-वसई मार्गावर असल्याने तिथून मुंबईला थेट लोकल नाही. अशा ठिकाणी चार पैसे जमले की माणूस आधी बाइक घेतो, मग कार.

‘बेस्ट’कडे एकेकाळी 4,000 हून जास्त बस होत्या. आज तो ताफा 3,000 च्या आत आला आहे. मे 2025 मध्ये किमान भाडं 5 रुपयांवरून 10 रुपये झालं. बस कमी झाली की तिची जागा शेअर रिक्षा आणि खासगी गाड्या घेतात. त्याच गाड्यांच्या कोंडीत उरलेली बसही अडकते.

पैसा कोणासाठी?

2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाचं सूत्र साधं आहे: रस्ता गाड्यांसाठी नाही, माणसांसाठी. जानेवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या अटल सेतूवर मात्र बाइक आणि रिक्षाला बंदी आहे, आणि कारला एका फेरीचा टोल 250 रुपये आहे. याउलट, 2008 च्या प्रदेशव्यापी वाहतूक अभ्यासात निम्म्याहून जास्त फेऱ्या पायी होत असल्याचं दिसलं होतं. म्हणजे सर्वांत जास्त वापर फुटपाथचा आणि सर्वांत कमी लक्षही त्याच्याकडेच.

ठाणे-भिवंडी-कल्याण ही मेट्रो 5 आणि मानखुर्द-मंडाळेपर्यंत जाणारी मेट्रो 2बी आपल्या अनेक वस्त्यांजवळून जातात. पण स्टेशनबाहेर चालायला जागा, बसथांबा, रिक्षा स्टँड आणि रात्री उजेड नसेल, तर बाया-मुली आणि म्हातारी माणसं तिथवर पोहोचणार कशी?

आपण काय मागावं?

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 नुसार विकास आराखड्याचा मसुदा जाहीर झाल्यावर नागरिकांना ठराविक मुदतीत हरकती-सूचना देता येतात. मोहल्ल्याने एकत्र बसून लेखी द्यावं आणि पोच घ्यावी. मागणी नेमकी असावी:

- वस्ती ते स्टेशन छोटी बस, लोकल-मेट्रोच्या वेळेशी जुळणारी
- सलग, मोकळा फुटपाथ आणि रस्ता ओलांडायची सुरक्षित सोय
- मोठ्या रस्त्यांवर बससाठी वेगळी लेन
- बस डेपोच्या आरक्षित जमिनी डेपोसाठीच

“आमच्याकडे विकास करा” एवढंच लिहिलं तर कागद फायलीत जातो. गल्ली, चौक आणि वेळ लिहून दिली, तर अधिकाऱ्याला उत्तर देणं भाग पडतं.