बैल, कडबा आणि आईची पीपी

देवणी म्हटलं की बाहेरच्यांना बैल आठवतो. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, आमच्या गावाचं नाव लावणारा. मला मात्र हल्ली आईचा आकडा आठवतो. उपाशीपोटी ११८, जेवल्यावर २४६! "आमच्या टायमाला कुणाला होती रे शुगर?" असं ती विचारते. तेव्हा तपासत कोण होतं म्हणा... पण प्रश्न अगदीच खोटा नाही, आणि उत्तर शोधताना मी परत बैलापाशीच आलो.

तर मंडळी, ज्वारी आपल्याकडे नुसत्या भाकरीसाठी पेरत नसत. कडबा हे तिचं निम्मं मोल. दावणीला बैल होते म्हणून कडबा हवा होता, आणि कडबा हवा म्हणून घरात ज्वारी होती. १९६४ साली सीएसएच-१ आलं, देशातलं पहिलं संकरित वाण. लोक त्याला 'हायब्रीड' म्हणत. दाणे भरपूर, पण ताट बुटकं. १९७२च्या दुष्काळात परदेशातली तांबडी मिलो खावी लागली (तिचं नाव काढलं की आई अजून नाक मुरडते). पुढे खरिपात सोयाबीन आलं, ट्रॅक्टर आले, बैल गेले. मग ज्वारी पेरायची कुणासाठी? २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्यात गहू २ रुपये, तांदूळ ३ रुपये आणि भरडधान्य १ रुपया किलो असे भाव होते. आमच्या पिशवीत मात्र आले ते गहू-तांदूळच.

म्हणून ज्वारीला देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही. भाकरीतही पिष्टच असतं, चार खाल्ल्या तर शुगर चढणारच. पण पूर्वी भाकरीसोबत पालेभाजी, तुरीचं घट्ट वरण, शेंगदाण्याची चटणी असायची. त्यानं अन्न सावकाश पचतं, साखर रक्तात हळूहळू उतरते. आणि जेवण झालं की माणूस पुन्हा औतामागे चालू लागायचा. चालणारे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. हे तर औषधच होतं की!

"मी एवढी हडकुळी, मला कशी झाली?" हा आईचा दुसरा प्रश्न. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गर्भवती आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. आपली बाळं वजनाला कमी, पण अंगात चरबी त्या मानानं जास्त, असं त्यांना आढळलं. म्हणजे काटा हलका दिसला म्हणून निर्धास्त राहू नये.

असो. गोळ्या डॉक्टरांनी दिल्यात त्याच आहेत. ताटात आधी भाजी-वरण, मग दीड भाकरी, भात दोन घास. नंतर अंगणात पंधरा मिनिटं फेऱ्या. तपासणी पहिल्या घासापासून दोन तास मोजून. जेवण उरकल्यापासून नव्हे, इथे बरेच जण चुकतात. बहुतेकांसाठी १८०च्या आत चालतं, पण वय आणि बाकीची दुखणी पाहून डॉक्टर तो आकडा बदलतात.

परवा १७६ आली. आई म्हणते भाकरीनं उतरली, मी म्हणतो फेऱ्यांनी. दोन्ही एकदमच सुरू केल्यामुळे आमचं भांडण काही मिटत नाही.