अंगणांतला कॅमेरा

लोकसेवेच्या संस्थेस द्रव्य लागतें, आणि द्रव्य मागावयाचें तर आपलें काम दात्याच्या डोळ्यांपुढें उभें करावें लागतें. पूर्वीं हा भार वार्षिक अहवाल वाहत असे. आतां तो बराचसा लघुपटावर आला आहे. अशा लघुपटाचा एक सांचा ठरून गेला आहे : आरंभीं उघडें मूल, मध्यें संस्थेची मोटार, शेवटीं हंसरा चेहरा. दात्याचें मन त्यानें द्रवतें हें खरें. पण ज्यांचें दैन्य पडद्यावर दिसतें त्यांची मान त्यानेंच खालीं जाते. या सांच्यावांचून गत्यंतर नाहीं काय, हें आम्ही इतिहासास विचारूं इच्छितों.

आपल्याकडील एक जुनें उदाहरण दादासाहेब फाळके यांचें आहे. १९१२ सालीं विलायतेहून परतल्यावर, भांडवल देणारांची खात्री पटविण्यासाठीं, त्यांनीं कुंडींत वाटाणा पेरला आणि महिन्याहून अधिक काळ रोज एकेक चित्र घेऊन रोपाची वाढ पडद्यावर दाखविली. त्यांत याचना नव्हती. केवळ काम होतें. त्यावर पैसा उभा राहिला, आणि १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला.

दुसरें उदाहरण १९७६ च्या ‘मंथन’चें. गुजराथेंतील पांच लाख दूधउत्पादकांनीं प्रत्येकीं दोन रुपये घालून हा चित्रपट उभा केला. दिग्दर्शन श्याम बेनेगल यांचें, पटकथा विजय तेंडुलकर यांची. गांवांतील जातिभेद आणि सुधारकाची फजिती त्यांत झांकलेली नाहीं. तरीही सहकाराचा प्रचार त्यानें उत्तम केला. ज्यांची कथा तेच येथें धनी होते.

आतां घोलवडकडे वळूं. या स्टेशनावर उतरलें कीं बोर्डी जवळच. कोसबाडची टेकडीही फार दूर नाहीं. बोर्डीस १९४५ सालीं ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं ग्रामीण बालशिक्षणास आरंभ केला. गरीब वस्त्यांतील मुलें शाळेंत येईनात, तेव्हां शाळाच त्यांच्या अंगणांत गेली, तीच अंगणवाडी. पुढें कार्य कोसबाडास गेलें. तेथील आदिवासी मुलें गुरांमागें रानांत जात, म्हणून शिक्षिका कुरणांत गेल्या, ती कुरणशाळा. माँटेसरीच्या महाग साधनांऐवजीं बिया, पानें, शिंपले व खडे आले. १९७५ सालीं सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेच्या केंद्रांनीं अंगणवाडी हेंच नांव घेतलें.

या कार्याचा चित्रपट वरील सांच्यांत बसत नाहीं. सांच्यांत गरीब मनुष्य संस्थेच्या दाराशीं येतो. येथें संस्था त्याच्या दाराशीं गेली. तेव्हां कॅमेऱ्यानेंही त्याच वाटेनें जावें, घरच्यांची अनुमति घेऊन अंगणांत बसावें, आणि पहिल्या दिवशीं कुडाआड लपणारें मूल गाण्यांत आवाज मिसळीपर्यंत थांबावें. फाळके एका रोपासाठीं महिनाभर थांबले होते. शिवाय, ज्या वारली घरांतून लग्नचौक तांदळाच्या पिठानें कुडावर रेखला जातो, त्या घरच्या माणसांस चित्र कळतें. तयार झालेला चित्रपट दात्याच्या आधीं त्यांस दाखवावा, आणि त्यांस न रुचेल तें काढून टाकावें. असें केल्यानें देणगी घटेल अशी भीति कित्येकांस वाटते. वरील दोन उदाहरणें पाहतां ती आम्हांस निराधार वाटते.